चिनी मातीचे अर्हत : नांव, शिक्का आणि मुद्रा

गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका संग्राहक स्नेह्यांनीं एक पांढरीशुभ्र मूर्ति आम्हांस दाखविण्यासाठीं आणिली. उंची सुमारें दीड वीत. लाटांवर उभा असलेला एक दाढीवाला भिक्षु. डोक्यावरून घेतलेलें वस्त्र वाऱ्यानें एका बाजूस ओढलेलें. दोन्ही हात वस्त्राच्या आंत झांकलेले. आणि पाठीवर एक चौकोनी चिनी शिक्का. विकणाऱ्यानें तिच्याविषयीं तीन गोष्टी सांगितल्या होत्या. मूर्ति अस्सल चिनी मातीची आहे. ती सोळा अर्हतांपैकीं एकाची आहे. आणि ती मिंग काळांतील विख्यात मूर्तिकार हो चाओ-त्सुंग याच्या हातची आहे. आमच्या स्नेह्यांनीं पोथ्यांच्या शोधांत उभी हयात घालविलेली. कागद, शाई, पुष्पिका यांच्या बाबतींत ते सहसा फसत नाहींत. परंतु येथें लिपि परकी व द्रव्यही परकें. तेव्हां निदान अर्हताचें संस्कृत नांव तरी आम्हीं सांगावें, अशी त्यांची इच्छा होती. त्याच विक्रेत्याकडे अठरा रंगीत मूर्तींची एक जुळणी होती, व तींतील दोन तेवढ्या निवडून घेण्याचा त्यांचा विचार चालला होता. या प्रश्नांचा निकाल लावतांना जें वाचलें व पाहिलें, तें इतर संग्राहकांच्याही उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें मांडीत आहों.

प्रथम द्रव्याचा विचार. मराठींत ‘चिनी माती’ हा शब्द फार ऐसपैस आहे. लोणच्याची बरणी, चहाची कपबशी आणि देवघरांतील मूर्ति या सर्वांना आपण एकाच नांवानें संबोधतों. वास्तविक यांत मोठा भेद आहे. खऱ्या चिनी मातीस लोहरहित पांढरी माती व एका विशिष्ट दगडाची पूड लागते, आणि भट्टीची उष्णता १३०० अंश सेंटिग्रेडच्या आसपास न्यावी लागते. त्या आंचेंत द्रव्य अर्धवट वितळून काचेसारखें एकजीव होतें. पातळ कडा उजेडासमोर धरिली असतां प्रकाश आरपार झिरपतो, व टिचकी मारल्यास स्पष्ट नाद येतो. बरणीची माती दाट भाजलेली असली तरी तिच्यांतून प्रकाश जात नाहीं. चिनी बौद्ध साधूंच्या ज्या मूर्ती जगांत गाजल्या, त्यांचीं दोन घराणीं या भेदानेंच वेगळीं होतात. यी-श्येनच्या गुहांतून निघालेल्या मनुष्याकृति मूर्ती रंगीत झिलईच्या, अपारदर्शक मातीच्या आहेत; फूच्येन प्रांतांतील ते-ह्वा येथील लहान मूर्ती खऱ्या पांढऱ्या चिनी मातीच्या. दोहोंना एक समजून लिहिणारे लेखक एकीचे गुण दुसरीस चिकटवितात. स्नेह्यांची मूर्ति ते-ह्वा पद्धतीची आहे, व विक्रेत्याचें पहिलें विधान खरें आहे, एवढें आरंभींच सांगून टाकतों.

आतां नांवाचा प्रश्न. चिनी भाषेंत या साधूंस ‘लोहान’ म्हणतात. अर्हत् शब्दाचें चिनी लिप्यंतर ‘आलोहान’. त्यांतील आद्य अकार गळून लोहान राहिला. अर्थ सांगतांना चिनी भाष्यकारांनीं तीन व्युत्पत्ति पुढें मांडल्या. अर्ह् धातूवरून ‘दानास पात्र’ ही पहिली, व व्याकरणदृष्ट्या तीच खरी. दुसरी अरि आणि हन् यांवरून ‘शत्रूंस मारणारा’. चिनींत तिचें रूप ‘चोरांस मारणारा’ असें झालें, व ते चोर म्हणजे राग, द्वेष, मोह हे होत. आपल्या जैन बांधवांच्या ‘अरिहंत’ शब्दामागेंही हीच कल्पना असल्यामुळें ती आपणांस अपरिचित नाहीं. तिसरी ‘पुन्हां न उगवणारा’, म्हणजे ज्याला पुनर्जन्म नाहीं तो. शब्दशास्त्रांत शेवटच्या दोहोंस किंमत नाहीं. परंतु मूर्तिकारास त्यांनीं पुष्कळ दिलें. चोराशीं झुंजून दमलेला, तथापि शांत झालेला मनुष्य कसा दिसेल, हा प्रश्न पहिल्या व्युत्पत्तींतून निर्माण झालाच नसता.

सोळा अर्हतांची यादी ज्या ग्रंथामुळें चीनांत रूढ झाली, तो नंदिमित्राच्या नांवावर आहे. सिंहलद्वीपांत, बुद्धनिर्वाणानंतर आठशें वर्षांनीं, नंदिमित्रानें देह ठेवण्यापूर्वीं शिष्यांना हा वृत्तांत सांगितला अशी त्यांत कथा आहे. बुद्धानें सोळा शिष्यांस निर्वाणांत जाऊं न देतां, मैत्रेयाचें आगमन होईपर्यंत धर्माचें रक्षण करीत जगांत राहण्याची आज्ञा केली, हें तिचें सार. पिण्डोल भारद्वाज, कनकवत्स, राहुल, नागसेन, अङ्गज, वनवासी, अजित, चूडपन्थक आदि नांवें त्या यादींत आहेत. या ग्रंथाचें चिनी भाषांतर ह्युएनत्संगानें सन ६५४ मध्यें केलें. हा तोच प्रवासी, जो दुसऱ्या पुलकेशीच्या कारकीर्दींत, सन ६४१ च्या सुमारास, महाराष्ट्रांत आला होता. येथील डोंगरांत कोरलेल्या एका भव्य विहाराचें त्यानें वर्णन केलें असून तो अचल नामक अर्हतानें बांधविला असें म्हटलें आहे. अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यांतील शिलालेखांतही स्थविर अचल याचें नांव येतें. हें नामसाम्य विद्वानांनीं पूर्वींच दाखविलेलें आहे. केवळ तेवढ्यावरून दोन्ही अचल एकच असा निर्णय देणें घाईचें होईल. तथापि सोळा अर्हतांचीं नांवें चीनास देणाऱ्या लेखणीनेंच आपल्या सह्याद्रींतील एका अर्हताचीही नोंद केली, ही गोष्ट मराठी वाचकानें लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

यापुढें यादीचें जें झालें, तें हस्तलिखितांच्या अभ्यासकांना ओळखीचें वाटेल. दहाव्या शतकापर्यंत सोळांचे अठरा झाले. वाढलेले दोन कोण, याविषयीं एकवाक्यता नव्हती. कवि सू तुंग-पो यानें सन ११०० च्या सुमारास अठरा अर्हतांची स्तुति केली, तींत सतरावा नंदिमित्र व अठरावा पिण्डोल आहे. पिण्डोल भारद्वाज तर यादींत पहिलाच. म्हणजे एकच पुरुष दोनदां मोजला गेला. आणि नंदिमित्र हा वृत्तांत सांगणारा; तोच वृत्तांतांत जाऊन बसला. पोथीच्या शेवटीं आलेलें लेखकाचें नांव पुढच्या नकलकारानें मूळ ग्रंथांत ओढावें, त्यांतलाच हा प्रकार. अठराव्या शतकांत च्येन-लुंग बादशहाच्या हें ध्यानांत आलें. हांगचौ येथील एका मठांत चित्रकार भिक्षु क्वान्-शिउ (सन ८३२–९१२) याच्या नांवावर असलेलीं सोळा अर्हतांचीं चित्रें त्यानें सन १७५७ मध्यें पाहिलीं, व नांवांचा क्रम आणि उच्चार शुद्ध करविले. बादशहानें पाठशुद्धि केली, परंतु बाजारानें ती मानिली नाहीं. म्हणून अठरांतील शेवटच्या दोहोंचीं नांवें मूर्तीच्या तळाशीं लिहिलेलीं आढळलीं तरी त्यांवर भिस्त ठेवूं नये.

आतां मूर्तींच्या गुणदोषांकडे वळूं. यी-श्येन हा जिल्हा बीजिंगच्या नैर्ऋत्येस आहे. फ्रीड्रिश पेर्झिन्स्की नामक जर्मन अभ्यासकास सन १९१२ मध्यें या मूर्तींचा सुगावा लागला. तो डोंगरांत गेला तेव्हां गुहा बहुतेक रित्या झाल्या होत्या. मूर्ती उतरवितांना कांहीं फुटल्याचेंही त्यास कळलें. आज त्या लंडन, न्यूयॉर्क, बॉस्टन, फिलाडेल्फिया, टोरंटो, कॅन्सस सिटी, पॅरिस अशा दूरदूरच्या संग्रहांत विखुरलेल्या आहेत. बर्लिनची मूर्ति दुसऱ्या महायुद्धांत नाहींशी झाली. संग्रहालयें त्या बहुधा ल्याव राजवटींतील (सन ९०७–११२५) म्हणून मांडतात. शिलालेखांच्या आधारें त्यांना मिंग काळापर्यंत अलीकडे आणणारेही अभ्यासक आहेत. आम्हीं त्या छायाचित्रांतच पाहिल्या आहेत, हें कबूल करूनच पुढील मत देतों.

या मूर्तींत सर्वांत प्रथम जाणवतें तें हें, कीं दोन चेहरे सारखे नाहींत. एक तरुण, एक वृद्ध, एक मध्यम वयाचा. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममधील मूर्ति (ती तेथें सन १९१३ मध्यें आली) पाहावी. मांडी घालून बसलेला, हात मांडीवर एकत्र घेतलेला हा भिक्षु ध्यानस्थ आहे, पण त्याचे डोळे मिटलेले नाहींत. भुंवयांच्या मध्यें किंचित आंठी आहे. ती रागाची नव्हे. ज्याला अजून कांहीं काम उरलें आहे अशा माणसाची ती आहे. बुद्धमूर्तींत अशी आंठी कोणी काढणार नाहीं, कारण बुद्धाचें काम संपलें आहे. अर्हताचें संपलेलें असूनही आज्ञेमुळें तो थांबला आहे. नंदिमित्राच्या कथेंतील मर्म हेंच, आणि मूर्तिकारानें तें एका आंठींत पकडलें. वस्त्राकडे पाहिलें तरी हीच समज दिसते. भिक्षूची संघाटी तुकडे जोडून शिवलेली असते. ते तुकडे येथें हिरव्या व पिंवळसर झिलईनें वेगळे केले आहेत, आणि भट्टींत ती झिलई ओघळली आहे. ओघळ हा एरवीं दोष. परंतु फाटक्यातुटक्यांतून बनलेल्या त्या वस्त्रास तो शोभतो.

ते-ह्वाचा मार्ग याच्या उलट आहे. येथें रंगच नाहीं. हस्तिदंतासारखी एकच पांढरी छटा. म्हणून मूर्तिकारास सगळें कांहीं घडीनें व सुरकुतीनें सांगावें लागतें. मूर्ति आंतून पोकळ. भाग साच्यांत दाबून काढावयाचे, पातळ मातीनें सांधावयाचे, आणि बारकावे कोरणीनें काढावयाचे. तेथील मूर्तिकारांत हो चाओ-त्सुंग याचें नांव अग्रेसर आहे. क्वान्-चौच्या अठराव्या शतकांतील स्थलवृत्तांतांत त्याजविषयीं चार ओळी काय त्या आहेत: तो मूळचा कोठला हें ठाऊक नाहीं, शहरांत परस्थ म्हणून राहत असे, मातीच्या मूर्ती करण्यांत निष्णात होता, व त्याच्या कृति सर्वत्र मोलाच्या मानल्या जात. बीजिंगच्या राजवाडा-संग्रहालयांत त्याचा शिक्का असलेली ता-मोची, म्हणजे बोधिधर्माची, मूर्ति आहे. लाटांवर उभा, हात वस्त्रांत, दृष्टि खालीं. पायाखालीं पाणी खवळलेलें आहे व वस्त्राची कड वाऱ्यानें उडत आहे. परंतु डोक्यापासून छातीपर्यंत कसलीच हालचाल नाहीं. खालची गति आणि वरचें स्थैर्य यांच्या मध्यें कोठेंही सांधा दिसत नाहीं, यांत या कृतीचें श्रेष्ठत्व आहे.

मात्र बोधिधर्म हा सोळा अर्हतांपैकीं नव्हे. ल्यांग घराण्यांतील वू बादशहाशीं त्याची भेट झाली, ती निष्फळ ठरल्यावर तो नदी ओलांडून उत्तरेस गेला, व नऊ वर्षें भिंतीकडे तोंड करून बसला, अशी त्याची आख्यायिका आहे. मूर्तींतील लाटा त्या नदीच्या. तो दक्षिण हिंदुस्थानांतील राजपुत्र होता असें आपण अभिमानानें सांगतों. सहाव्या शतकांतील एका चिनी लेखांत तो दक्षिण हिंदुस्थानचा असल्याचें आहे, पण सन ५४७ च्या दुसऱ्या एका ग्रंथांत त्यास इराणांतून आलेला म्हटलें आहे. दोन्ही साक्षी जुन्या आहेत. सोयीची तेवढी वाचून गैरसोयीची झांकणें हें संशोधकाचें काम नव्हे. तेव्हां विक्रेत्याचें दुसरें विधान टिकत नाहीं: स्नेह्यांची मूर्ति अर्हताची नसून बोधिधर्माची आहे.

नांवांचा असाच घोटाळा पु-ताइ या भिक्षूच्या बाबतींत झाला आहे. सुटलेलें पोट, खांद्यावर झोळी, तोंडभर हांसूं. दहाव्या शतकाच्या प्रारंभीं वारलेला हा चेक्यांग प्रांतांतील एक फिरस्ता भिक्षु. पुढें त्यास मैत्रेयाचा अवतार मानूं लागले. आज पुण्यामुंबईच्या दुकानांतून तो ‘लाफिंग बुद्ध’ या नांवानें विकला जातो, व गौतम बुद्धच इतका लठ्ठ होता अशी पुष्कळांची समजूत होऊन बसली आहे. आपणच एकटे चुकलों असें नाहीं. सतराव्या-अठराव्या शतकांत ते-ह्वाचा माल जहाजांनीं युरोपांत गेला, तेव्हां तेथील लोकांनीं या पु-ताइस ‘पॅगोड’ म्हटलें, आणि मांडीवर मूल घेतलेल्या क्वान्-यिन देवतेस कुमारी मेरी समजले. सॅक्सनीच्या मायसेन कारखान्यानें तर पु-ताइच्या नकला काढल्या. वस्तु दूर जाते तेव्हां तिचें नांव मागें राहतें, आणि विकणारा गिऱ्हाइकाच्या ओळखीचें नांव तिला देतो.

राहिल्या त्या अठरांच्या रंगीत जुळण्या. चिंग राजवटींत व तिच्यानंतरही त्या पुष्कळ निघाल्या. यांत प्रत्येक अर्हतास एक खूण ठरलेली आहे: कोणी हत्तीवर, कोणी सिंहाच्या छाव्यासह, कोणी हातांत स्तूप घेतलेला. नागसेन कान कोरतांना दाखवितात, व अजिताच्या भुंवया गुडघ्यापर्यंत लोंबतात. एक अर्हत आपली छाती उघडून आंत बुद्धाचें मुख दाखवितो; आपल्याकडील मारुतीचें चित्र ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना त्याचा भाव समजावून सांगावयास नको. खुणा वाईट नाहींत. परंतु या मूर्तींत खूण मोठी होत गेली व चेहरा लहान होत गेला. अठराही चेहऱ्यांवर एकच हांसूं, एकाच कुंचल्याच्या फटकाऱ्यानें काढलेलें. खूण झांकली तर कोण कोणता हें सांगतां येत नाहीं.

याचें सर्वांत वाईट फळ चूडपन्थकास भोगावें लागलें. आमचें आयुष्य अध्यापनांत गेलें असल्यामुळें या अर्हताविषयीं आम्हांस विशेष ममता आहे. चार महिने घोकूनही त्यास एक गाथा पाठ होईना. सख्ख्या भावानें त्याला विहारांतून जाण्यास सांगितलें. बुद्धानें त्याच्या हातीं एक स्वच्छ फडकें देऊन तें चोळीत बसण्यास सांगितलें. फडकें मळत गेलें तसतसें त्यास अनित्यतेचें ज्ञान झालें, व तो अर्हत झाला. मंद विद्यार्थ्याला त्याच्या हातास येईल असा धडा देणाऱ्या गुरूची ही कथा आहे. रंगीत जुळणींत या चूडपन्थकास दाराशीं उभा राहणारा पहारेकरी केलें आहे. पिण्डोलाचीही तीच गत. लोकांसमोर ऋद्धिबळानें उडून चंदनाचें पात्र खालीं आणल्याबद्दल बुद्धानें त्याला दोष दिला, व पुढील परंपरेप्रमाणें त्याच चुकीसाठीं त्याला जगांत थांबावें लागलें. ही चूक ज्याच्या मुद्रेंत नाहीं तो पिण्डोल कसला? यी-श्येनच्या मूर्तींना आज नांवें नाहींत, पण त्यांपैकीं कोणीही पिण्डोल किंवा चूडपन्थक असूं शकेल असें वाटतें. रंगीत जुळणींत नांवें सर्व आहेत, पण माणूस एकही नाहीं.

आतां शिक्क्याचें. पोथीच्या पुष्पिकेंतील शक नकलकार जसाच्या तसा उतरून घेतो, हें आपण सर्व जाणतों. त्यावरून हातांतील प्रत त्या शकाची ठरत नाहीं. ते-ह्वाचा शिक्का याच जातीचा आहे. हो चाओ-त्सुंगचें नांव त्याच्यामागें कित्येक पिढ्या मूर्तींवर उठविलें जात आलें आहे, कधीं फसविण्यासाठीं, तर कधीं घराण्याचा मान म्हणून. शिक्क्यापेक्षां कोरणी अधिक खरें बोलते. स्नेह्यांच्या मूर्तींत वस्त्राच्या घड्या मऊ व बोथट आहेत, दाढीच्या बटा एकमेकींत मिसळल्या आहेत, आणि पायाखालच्या लाटा नुसत्या वळ्या झाल्या आहेत. झिजलेल्या साच्यांतून निघालेल्या व नंतर पुरेसा हात न फिरविलेल्या मूर्तीचीं हीं लक्षणें होत. आमच्या मतें ती मिंग काळाची नाहीं. पुष्कळ अलीकडची आहे. तथापि उभें राहण्याची ढब चांगल्या मूळावरून आलेली आहे, व तेवढ्यासाठीं ती जवळ ठेवण्यासारखी आहे. तिच्यापुढें ‘बोधिधर्म, ते-ह्वा पद्धति, अनुकृति’ एवढी चिठ्ठी लावावी. अधिक लिहूं नये.

दोन सुट्या मूर्ती घेण्याविषयीं मात्र आम्हीं स्नेह्यांस स्पष्ट नकार दिला, आणि तो येथें पुन्हां नोंदवितों. त्या अठरांत कलेचा गुण थोडा आहे हें वर सांगितलेंच. परंतु जुळणी अखंड आहे, व नांवांचा आणि खुणांचा कोणता क्रम त्या काळीं बाजारांत चालत होता, याचा ती एक पुरावा आहे. त्यांतील दोन देखणे अर्हत उचलले, कीं उरलेले सोळा बाजारांत कवडीमोलानें जातील व पुरावा संपेल. सचित्र पोथींतून चित्रांचीं पानें तेवढीं काढून विकणाऱ्यांविषयीं आपण काय बोलतों, हें आठवावें. यी-श्येनच्या गुहेंत मूळ किती अर्हत होते, सोळा कीं अठरा, कोण कोणाच्या शेजारीं बसला होता, हें आज एकाही संग्रहालयास सांगतां येत नाहीं, कारण त्या एकेक करून उचलल्या गेल्या. अठराही एकत्र घेण्याची ऐपत नसेल तर एकही घेऊं नये. एखाद्या संस्थेनें त्या एकत्र घ्याव्या यासाठीं खटपट करावी. तेंही न साधलें तर निदान अठरांचीं छायाचित्रें, मापें व तळावरील अक्षरें क्रमवार उतरून ठेवावींत.

स्नेह्यांनीं आमचें म्हणणें ऐकून घेतलें. मूर्तीपुढील चिठ्ठी त्यांनीं बदलली आहे. जुळणी अद्याप विक्रेत्याकडेच आहे, व तिच्यांतील अठराही मूर्ती एकत्र आहेत.